तीस पौंड, सकाळी सहा वाजता

पंचवीस पेपरांतल्या बावीसांनी
चाक फुगवून ठेवलंय.
सत्तावीस अंशांवर तीस पौंड हवा,
बेचाळीस अंशांवर किती?
सेहेचाळीस पॉइंट सहा सात. एकमतानं,
सुवाच्य अक्षरात, खाली दोन रेघा.

बेचाळीस भागिले सत्तावीस.
अरे, असं असतं तर मे महिन्यात होटगी रस्त्यावर
दुपारी तीनपर्यंत एक स्कूटर धड उरली नसती,
आणि कुल्फीवाल्याच्या पेटीत ठेवलेलं चाक
पार चपटं होऊन बाहेर आलं असतं.

पंखा एकवर ठेवलाय, दोनवर पेपर उडतात.
मनगटाखाली शाई फुटते आहे.
मी लाल पेनानं बावीस वेळा तेच लिहिते:
सेल्सिअसचं शून्य पाण्याचं.
पाणी तिथं गोठतं, तेवढंच.
हवेला त्याचं काही नाही.
हवेचं शून्य खाली, दोनशे त्र्याहत्तर पायऱ्या खाली,
जिथं अजून कुणी उतरून आलेलं नाही.
तिथून मोजा.
सत्तावीस म्हणजे तीनशे.
बेचाळीस म्हणजे तीनशे पंधरा.
डोक्याला ओला टॉवेल बांधून
आपण ज्याला उन्हाळा म्हणतो
तो शेकडा पाच.

चाटी गल्लीत कुणी
वारानं कापड मोजून मीटरचा भाव लावत नाही.
तुम्ही मात्र.

तिघांनी केल्विन केलं. एकतीस पॉइंट पाच.
मी बरोबरची खूण केली
आणि पुढच्या पेपरला हात घातला.

तन्वीर नदाफ दुसऱ्या दिवशी वर्गाबाहेर उभा.
त्याच्या आब्बांचं हवा-पंक्चर बोरामणी नाक्यावर.
"मॅडम, माझं चुकलंय."
बरोबर आहे, म्हटलं, पूर्ण गुण दिलेत.
"नाही की. आब्बानं सकाळी सहाला तीस भरली.
गाडी हलवली नाही, दिवसभर लिंबाखाली सावलीत.
तीनला काटा बत्तीसच्या जरा पुढं.
दोनदा बघितलं. साडेएकतीस येतच नाही."

काटा जुना असेल.
"नवा आहे मॅडम. दिवाळीत घेतला."

रात्री मी फुकणीसारखी वही गुंडाळून बसले.
बारा वर्षं शिकवते.
बारा वर्षं उदाहरणात लिहिलेला दाब
मी जसाच्या तसा उचलून समीकरणात ठेवते,
कारण पुस्तकात तो तसाच ठेवण्याजोगा असतो.
नाक्यावरचा नसतो.

चाकातली हवा गेली, काटा शून्यावर टेकला,
तरी आत हवा असतेच.
बाहेर आहे तितकी.
काटा फक्त वरचं सांगतो,
सगळ्यांवर जे आधीच आहे ते धरत नाही:
चादरींच्या गठ्ठ्यांवर, बंद मागावर,
तन्वीरच्या आब्बांच्या वाकलेल्या पाठीवर,
इंचाला चौदा पौंड.
(पुस्तकात चौदा पॉइंट सात.
ते समुद्रकाठचं. आपण जरा उंचावर,
आपल्याला थोडी सूट.)

तीस अधिक चौदा, चव्वेचाळीस.
गुणिले तीनशे पंधरा, भागिले तीनशे.
सेहेचाळीस पॉइंट दोन.
आता चौदा परत करा, ते आपले नव्हेत.
बत्तीस पॉइंट दोन.

बत्तीसच्या जरा पुढं.

मी उठून पाणी प्यायले.
साडेअकरा वाजले होते, भिंत अजून गरम होती.

सकाळी फळ्यावर सगळं मांडलं.
काटा मुळात काय मोजतो ते,
आधी मिळवा, मग तापवा, मग वजा करा.
माझंही चुकलं होतं, हे जरा घाईत बोलले.
मागच्या बाकावरून श्रावणी येमूल म्हणाली,
"म्हणजे मॅडम, शून्य कुठलंच खरं नाही?"
एक आहे, म्हटलं. तिथं कुणी राहत नाही.

तन्वीरनं नवं उदाहरण सोडवून आणलं.
पायऱ्या सगळ्या बरोबर.
खाली दोन रेघा मारून नुसतं लिहिलेलं, बत्तीस पॉइंट दोन.

बत्तीस पॉइंट दोन काय रे?
पौंड, किलो, भाकऱ्या?

अर्धा गुण कापला.
तो हसला. मग मीही.